रक्तदाब आणि अन्नातील पेप्टाइडे

अन्नातील प्रथिने म्हणजे शरीराच्या बांधकामाच्या विटा, असे आपण शाळेत शिकलेलो असतो. डाळी, दूध, अंडी, मासे यांतून प्रथिने पोटात जातात. पचनसंस्थेत त्यांचे तुकडे होतात. आणि त्या तुकड्यांपासून शरीर स्वतःला हवी ती प्रथिने नव्याने बांधून घेते. हे वर्णन खोटे नाही, परंतु ते पुरेसेही नाही. प्रथिन मोडत असताना वाटेत जे लहानमोठे तुकडे तयार होतात, त्यांपैकी काहींना स्वतःचे असे गुण असतात, हे गेल्या अर्धशतकातील संशोधनातून दिसून आले आहे. काही तुकडे जंतूंची वाढ रोखतात, काही कॅल्शियमला धरून ठेवतात, तर काही रक्तदाब वाढवणाऱ्या एका महत्त्वाच्या एंझाइमाचे काम अडवतात. या शेवटच्या प्रकारच्या तुकड्यांचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

हा विषय केवळ प्रयोगशाळेतील कुतूहलाचा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब असल्याचे आढळले. म्हणजे दर तीन प्रौढांमागे एकाहून थोडे अधिक. हा विकार दुखत नाही, खुपत नाही. कित्येकांना तो असल्याची कल्पनाही नसते. मात्र वर्षानुवर्षे वाढलेला दाब हृदय, मेंदू, मूत्रपिंडे आणि डोळे यांच्या रक्तवाहिन्या झिजवीत राहतो, आणि पुष्कळदा पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका हीच त्याची पहिली ओळख ठरते. यावर गुणकारी औषधे आहेत. पण ती बहुधा जन्मभर घ्यावी लागतात, आणि त्रास होत नसताना रोज गोळी घेणे अनेकांना जिवावर येते. अशा वेळी ‘अमुक पदार्थ खा, रक्तदाब आपोआप उतरेल’ हे आश्वासन कोणालाही गोड वाटणारच. ते कितपत खरे आहे याची शांतपणे तपासणी करणे म्हणूनच आवश्यक ठरते.

दाब आणि त्याचे नियमन

वाहत्या रक्ताचा रक्तवाहिन्यांच्या भित्तींवर जो दाब पडतो तो रक्तदाब. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने एका घोडीच्या रोहिणीत नळी बसवून पाहिली, तेव्हा त्या नळीतील रक्त आठ फुटांहून अधिक उंच चढले. हा प्रयोग त्याने १७३३ मध्ये प्रसिद्ध केला. माणसाचा दाब इजा न करता मोजण्याची सोय मात्र फार उशिरा झाली. १८९६ मध्ये इटलीतील रीवा-रोच्ची यांनी दंडाभोवती बांधावयाचा रबरी पट्टा तयार केला, आणि १९०५ मध्ये रशियातील कोरोटकॉव्ह यांनी पट्ट्याखालच्या रोहिणीतील आवाज ऐकून दाब ठरवण्याची रीत सांगितली. आजही दवाखान्यांतून आपल्याला भेटते ती हीच रीत.

रक्तदाब दोन आकड्यांनी सांगतात. हृदय आकुंचन पावते त्या क्षणीचा दाब हा वरचा आकडा आणि ते सैल पडते त्या वेळचा दाब हा खालचा आकडा. दोन्ही पाऱ्याच्या स्तंभाच्या उंचीवरून, मिलिमीटरमध्ये मोजतात. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजूनही वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० याच्या खाली येत नसेल, तर सामान्यतः उच्च रक्तदाब आहे असे मानले जाते.

नळातून बागेला पाणी घालताना दाब वाढवण्याचे दोन मार्ग असतात: तोटी अधिक सोडणे किंवा रबरी नळीचे तोंड बोटाने आवळणे. शरीरही हेच दोन मार्ग वापरते. रक्तातील पाण्याचे प्रमाण वाढले किंवा बारीक रोहिण्या आवळल्या गेल्या की दाब वाढतो. या दोन्ही गोष्टींवर नियंत्रण ठेवणारी जी यंत्रणा आहे, तिचा आरंभ मूत्रपिंडात होतो.

मूत्रपिंडाचा संदेश

१८९८ मध्ये स्टॉकहोम येथील करोलिन्स्का संस्थेत रोबेर्ट टीगरस्टेट आणि पेर बेर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाच्या रक्तात सोडला, तेव्हा त्या सशाचा रक्तदाब वाढला. अर्कातील अज्ञात द्रव्याला त्यांनी ‘रेनिन’ हे नाव दिले. या शोधाकडे पुढे तीसएक वर्षे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९३४ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे हॅरी गोल्डब्लॅट यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडाकडे जाणारी रोहिणी चिमट्याने आवळून धरली आणि त्यामुळे त्यांचा रक्तदाब कायमचा वाढतो असे दाखवले. रक्त कमी मिळू लागले की मूत्रपिंड सर्व शरीराचा दाब वाढवण्याचा संदेश पाठवते, हे आता स्पष्ट झाले.

तो संदेश कसा जातो याचा उलगडा पुढील वीस-पंचवीस वर्षांत होत गेला. यकृतात तयार झालेले एक मोठे प्रथिन रक्तात फिरत असते. रेनिन हे एंझाइम त्याच्या टोकाचा दहा ॲमिनो आम्लांचा तुकडा कापते. या तुकड्याला ‘अँजिओटेन्सिन-१’ म्हणतात. तो स्वतः जवळजवळ निरुपद्रवी असतो. मग दुसरे एक एंझाइम त्याच्या शेवटची दोन ॲमिनो आम्ले काढून टाकते आणि आठ ॲमिनो आम्लांचे ‘अँजिओटेन्सिन-२’ उरते. हे मात्र अत्यंत प्रभावी द्रव्य आहे. ते बारीक रोहिण्या आवळते आणि अधिवृक्क ग्रंथींकडून अशा हॉर्मोनाचा स्राव घडवून आणते की मूत्रपिंडे मीठ व पाणी बाहेर टाकण्याऐवजी धरून ठेवतात. दाब वाढवण्याचे वर सांगितलेले दोन्ही मार्ग अशा रीतीने एकाच वेळी वापरले जातात.

पहिल्या अँजिओटेन्सिनचे दुसऱ्यात रूपांतर करणाऱ्या या एंझाइमाचा शोध क्लीव्हलंड येथेच लिओनार्ड स्केग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० नंतरच्या दशकाच्या मध्यास लावला. या प्रकरणापुरते त्याला आपण ‘रूपांतरक एंझाइम’ म्हणू. त्याचे आणखी एक काम नंतर उघडकीस आले. शरीरात ब्रॅडिकायनिन नावाचे नऊ ॲमिनो आम्लांचे एक द्रव्य असते, ते रक्तवाहिन्या सैल करते. रूपांतरक एंझाइम त्याचाही नाश करते. म्हणजे दाब वाढवणारे द्रव्य तयार करणे आणि दाब उतरवणारे द्रव्य मोडून टाकणे, ही दोन्ही कामे एकच एंझाइम करते. त्याला अडवता आले, तर दुहेरी लाभ होणार हे उघड आहे. परंतु त्याला अडवायचे कशाने?

सर्पविषापासून औषध

या प्रश्नाचे उत्तर ब्राझीलच्या जंगलातून आले. तेथील ‘जराराका’ हा विषारी साप चावलेल्या माणसाचा रक्तदाब एकाएकी कोसळतो. १९४८ मध्ये मॉरिसियो रोशा ई सिल्व्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सापाचे विष रक्तात मिसळून ब्रॅडिकायनिनचा शोध लावला होता. त्यांच्याच परंपरेतील सर्जियो फेरेरा यांनी १९६५ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली: या विषातील काही द्रव्यांमुळे ब्रॅडिकायनिनचा परिणाम कितीतरी अधिक काळ टिकतो. ते विष घेऊन फेरेरा लंडनला जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत गेले. अँजिओटेन्सिनचे रूपांतर मुख्यतः फुप्फुसांतून रक्त जात असताना होते, असे तेथे नुकतेच दिसून आले होते. त्याच प्रयोगशाळेतील वाय. एस. बखले यांनी १९६८ मध्ये कुत्र्याच्या फुप्फुसातून काढलेल्या रूपांतरक एंझाइमावर या विषाचा अर्क वापरून पाहिला, आणि एंझाइमाचे काम थांबले.

पुढील टप्पा अमेरिकेतील एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत पार पडला. मिगेल ऑन्देत्ती, डेव्हिड कुशमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विषातून नऊ ॲमिनो आम्लांचे एक पेप्टाइड वेगळे केले. ‘टेप्रोटाइड’ या नावाने ते ओळखले जाऊ लागले. रुग्णांना शिरेतून दिले असता त्याने रक्तदाब खरोखरच उतरला. पण तोंडावाटे दिल्यास त्याचा उपयोग होत नसे, कारण पोटातील पाचक रस इतर प्रथिनांप्रमाणेच त्याचेही तुकडे करीत. रोज शीर टोचून घेऊन कोण जन्म काढणार? म्हणून या शास्त्रज्ञांनी एंझाइमाच्या ज्या खाचेत पेप्टाइडाचे शेवटचे टोक बसते तिचा अंदाज बांधला आणि तिच्यात नेमका बसेल असा लहानसा, पाचक रसांना दाद न देणारा रेणू तयार केला. हेच ‘कॅप्टोप्रिल’. अमेरिकेत १९८१ मध्ये त्याला मान्यता मिळाली. एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, रॅमिप्रिल ही आज घरोघरी परिचित असलेली औषधे त्याच कुळातील होत.

टेप्रोटाइडच्या नऊ कड्यांपैकी शेवटच्या तीन कड्या वाचकांनी लक्षात ठेवाव्यात. त्या अशा: आयसोल्यूसीन, प्रोलीन, प्रोलीन. याच तीन कड्या आपल्याला पुढे एका अनपेक्षित ठिकाणी भेटणार आहेत.

प्रथिनाच्या साखळीतील तुकडे

प्रथिन म्हणजे ॲमिनो आम्लांची लांब साखळी. सुमारे वीस प्रकारच्या कड्या वेगवेगळ्या क्रमाने ओवून निसर्ग असंख्य प्रथिने घडवतो. साखळीचा लहान तुकडा, दोन-तीन कड्यांपासून काही डझन कड्यांपर्यंतचा, म्हणजे पेप्टाइड. सर्पविषातील गुणकारी द्रव्य जर एक लहानसे पेप्टाइड असेल, तर तशाच क्रमाचे तुकडे आपल्या अन्नातील लांबलचक साखळ्यांमध्येही दडलेले असू शकतील, असा तर्क करता येतो. १९७९ मध्ये जपानी संशोधकांनी जिलेटिनाचे एका जंतूच्या एंझाइमाने तुकडे केले, तेव्हा त्यांत रूपांतरक एंझाइमाला अडवणारी पेप्टाइडे आढळली. १९८२ मध्ये दुधातील केसीन या प्रथिनापासूनही तसेच पेप्टाइड मिळाले. मग जणू दारच उघडले. सोयाबीन, गहू, मका, तांदूळ, अंडी, सार्डीन, बोनिटो मासा, निरनिराळ्या डाळी, अशा शेकडो पदार्थांतून ही पेप्टाइडे शोधण्यात आली.

यांत एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. अखंड प्रथिनात हा गुण नसतो. साखळीत गुंफलेला तुकडा मुका असतो. तो सुटा झाला की मगच काम करू शकतो. तो सुटा होण्याचे मार्ग तीन. पहिला, आपल्या पोटातील पाचक रसांनी प्रथिन मोडणे. दुसरा, कारखान्यात ठरावीक एंझाइमे घालून प्रथिनाचे तुकडे करणे. तिसरा आणि सर्वांत जुना मार्ग आंबवण्याचा. दूध आंबवणाऱ्या जंतूंना वाढीसाठी ॲमिनो आम्ले लागतात. दुधात ती सुटी अशी फार थोडी असतात. म्हणून हे जंतू आपल्या आवरणावरील एंझाइमांनी केसीन कातरतात आणि मिळालेले तुकडे आत ओढून घेतात. कातरताना जे तुकडे उरतात, त्यांत कधीकधी आपल्याला हवे असलेले पेप्टाइड असते.

कोणते तुकडे गुणकारी ठरतात, याचाही काहीसा नियम सापडला आहे. ते बहुधा लहान असतात, आणि त्यांच्या शेवटच्या टोकाला प्रोलीन किंवा टायरोसीनसारखे ॲमिनो आम्ल असते. त्यामुळे एंझाइमाच्या खाचेत हा तुकडा घट्ट बसतो, आणि खाच अडून राहिल्यामुळे अँजिओटेन्सिनला तेथे शिरता येत नाही. प्रोलीनचा आणखी एक लाभ आहे. या ॲमिनो आम्लाची घडण अशी आहे की साखळीत ते असले म्हणजे बहुतेक पाचक एंझाइमांना तो सांधा तोडणे जड जाते. म्हणून प्रोलीनयुक्त लहान पेप्टाइडे पोटातून सहीसलामत सुटण्याची शक्यता अधिक असते.

आंबवलेले दूध

या सर्व पेप्टाइडांपैकी ज्यांचा माणसांवर सर्वाधिक अभ्यास झाला, ती दोन पेप्टाइडे जपानमधील आंबवलेल्या दुधातून मिळाली. त्या पेयाचा इतिहास आपल्या दृष्टीने मनोरंजक आहे. ओसाका परिसरातील एका बौद्ध पुरोहिताचे पुत्र काइउन मिशिमा हे तरुणपणी मंगोलियाच्या प्रदेशात गेले असता त्यांनी तेथील आंबट दुधाची चव घेतली आणि त्यामुळे आपली प्रकृती सुधारली असा त्यांचा विश्वास बसला. मायदेशी परतल्यावर त्यांनी १९१९ मध्ये ‘काल्पिस’ नावाचे पेय बाजारात आणले. या नावातील पहिला भाग कॅल्शियमचा, आणि दुसरा भाग ‘सर्पिस्’, म्हणजे तूप, या संस्कृत शब्दावरून घेतलेला आहे. दुधापासून क्रमाक्रमाने मिळणाऱ्या पदार्थांची जी परंपरा बौद्ध ग्रंथांबरोबर भारतातून जपानपर्यंत गेली, तिचा हा दूरचा प्रतिध्वनी होय.

पुढे या पेयाच्या संशोधकांनी, ‘लॅक्टोबॅसिलस हेल्व्हेटिकस’ हा जंतू आणि यीस्ट यांनी आंबवलेल्या दुधातून रूपांतरक एंझाइमाला अडवणारी दोन पेप्टाइडे वेगळी केली. हे काम १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही पेप्टाइडे अवघ्या तीन कड्यांची आहेत. एक व्हॅलीन, प्रोलीन, प्रोलीन आणि दुसरे आयसोल्यूसीन, प्रोलीन, प्रोलीन. या दुसऱ्याच्या तीन कड्या म्हणजे जराराकाच्या विषातील टेप्रोटाइडच्या शेवटच्या तीन कड्याच होत. ब्राझीलच्या सापाच्या विषात आणि गाईच्या दुधात निसर्गाने एकच क्रम ओवलेला आहे. दुधातील बीटा-केसीनच्या २०९ कड्यांच्या साखळीत हा क्रम ७४ ते ७६ या स्थानी आहे, आणि व्हॅलीनचा क्रम ८४ ते ८६ या स्थानी.

क्योतो येथे १९६३ मध्ये ओकामोतो आणि आओकी यांनी जन्मतःच रक्तदाब वाढत जाणाऱ्या उंदरांची एक जात तयार केली होती. अशा उंदरांना हे दूध पाजल्यावर त्यांचा रक्तदाब काही तासांत उतरला. निरोगी उंदरांवर मात्र तसा परिणाम दिसला नाही. त्यानंतर १९९६ मध्ये जपानमधील ३० वयस्क रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. एका गटाला आठ आठवडे रोज ९५ मिलिलिटर आंबवलेले दूध, तर दुसऱ्याला तितकेच पण केवळ आम्ल घालून आंबट केलेले दूध देण्यात आले. पहिल्या गटाचा रक्तदाब लक्षणीय प्रमाणात उतरला. फिनलंडमध्येही त्याच जातीच्या जंतूने दूध आंबवून चाचण्या झाल्या. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका चाचणीत २१ आठवडे रोज १५० मिलिलिटर दूध घेणाऱ्यांचा वरचा दाब तुलनेच्या गटापेक्षा सुमारे ७ मिलिमीटरने अधिक उतरला.

सात मिलिमीटर ही घट फार मोठी नाही, असे कोणी म्हणेल. परंतु अनेक औषध-चाचण्यांतील माहिती एकत्र करून २०२१ मध्ये काढलेला निष्कर्ष असा आहे की वरचा दाब ५ मिलिमीटरने उतरला तरी पक्षाघात, हृदयविकार यांसारख्या गंभीर घटनांची शक्यता सुमारे दहा टक्क्यांनी कमी होते. लाखो लोकांच्या बाबतीत एवढी घट साध्या अन्नाने होणार असेल, तर ती फार मोलाची ठरेल. जपानने १९९१ मध्ये विशिष्ट आरोग्यगुण असलेल्या अन्नपदार्थांना सरकारी मान्यता देण्याची योजना सुरू केली होती. तिच्याखाली दुधातील या पेप्टाइडांच्या पेयालाही मान्यता मिळाली.

आतड्याची चाळण

तरीही एक मूलभूत शंका उरते. टेप्रोटाइड पोटात टिकले नाही. मग ही पेप्टाइडे तरी रक्तापर्यंत पोचतात काय?

लहान आतड्याच्या आतील पेशींवर एक वाहक प्रथिन असते. ते दोन व तीन कड्यांची पेप्टाइडे उचलून आत घेते. त्याहून मोठ्या तुकड्यांना या वाटेने प्रवेश नाही. मात्र आत आलेल्या पेप्टाइडांपैकी बहुतेकांचे पेशीतच सुट्या ॲमिनो आम्लांत रूपांतर होते. रक्तात ती अखंड पोचतात ती अत्यल्प प्रमाणात. आयसोल्यूसीन-प्रोलीन-प्रोलीन हे पेप्टाइड दुधातून घेतल्यावर माणसाच्या रक्तात अखंड आढळते, हे मोजमापांनी सिद्ध झाले आहे. परंतु त्याचे प्रमाण लिटरमागे एका नॅनोमोलच्या आसपास असते. प्रयोगशाळेतील नळीत एंझाइमाचे काम निम्म्यावर आणण्यासाठी याच पेप्टाइडाचे प्रमाण लिटरमागे ५ मायक्रोमोल, म्हणजे त्याच्या हजारो पट असावे लागते. कॅप्टोप्रिलला याहून कितीतरी कमी प्रमाण पुरते. म्हणजे नळीतील यश आणि शरीरातील यश यांच्यामध्ये एक मोठी दरी आहे, ही गोष्ट नाकारता येत नाही.

ही दरी कशी भरून निघत असेल याविषयी काही तर्क केले जातात. पेप्टाइडे रक्तात न फिरता रक्तवाहिन्यांच्या भित्तीत साठत असतील. ती रूपांतरक एंझाइमाऐवजी वाहिन्यांच्या अस्तरावर परिणाम करून नायट्रिक ऑक्साइडसारखी वाहिन्या सैल करणारी द्रव्ये वाढवीत असतील. किंवा आतड्यातच काही परिणाम घडत असेल. बोनिटो माशाच्या बाबतीत एक वेगळाच प्रकार दिसून आला. जपानी स्वयंपाकात या वाळवलेल्या माशाचा कीस नित्य वापरतात. त्याच्या प्रथिनातून मिळालेले पाच कड्यांचे एक पेप्टाइड रूपांतरक एंझाइमच कापते, आणि उरलेला तीन कड्यांचा तुकडा त्या एंझाइमाला मूळ पेप्टाइडापेक्षा आठपट जोराने अडवतो. शत्रूनेच स्वतःच्या हाताने बेडी घडवावी, तसा हा प्रकार आहे.

माणसांवरील कसोटी

तर्क कितीही आकर्षक असला तरी औषधी गुणाचा अंतिम निवाडा माणसांवरील चाचणीतच होतो. त्यासाठी काही नियम पाळावे लागतात. तुलनेसाठी दुसरा गट हवा. कोणाला खरे पेय मिळते आहे आणि कोणाला नुसतेच दिसायला सारखे, हे घेणाऱ्याला आणि मोजणाऱ्याला दोघांनाही ठाऊक नसावे. आणि सहभागी लोकांची संख्या पुरेशी असावी. दवाखान्याच्या वातावरणाला सरावले की माणसाचा रक्तदाब औषधावाचूनही काहीसा उतरतो, म्हणून या नियमांना येथे विशेष महत्त्व आहे.

नेदरलँड्समध्ये या दोन पेप्टाइडांची अशीच काटेकोर चाचणी १३५ लोकांवर घेण्यात आली. तिचा निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाला: आठ आठवड्यांनंतर पेप्टाइड घेणाऱ्यांच्या आणि न घेणाऱ्यांच्या रक्तदाबात काहीच फरक नव्हता. पुढे वेगवेगळ्या चाचण्यांतील आकडे एकत्र करून जे आढावे घेण्यात आले, त्यांतून सरासरी घट ३ ते ५ मिलिमीटर अशी निघाली. परंतु २०११ च्या एका आढाव्यात दिसले की आशियाई, प्रामुख्याने जपानी, लोकांमध्ये ही घट सुमारे ७ मिलिमीटर होती, तर युरोपीय लोकांमध्ये जेमतेम एक मिलिमीटर. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१२ मध्ये सर्व पुरावा तपासून, ही पेप्टाइडे आणि रक्तदाब यांमधील कार्यकारणसंबंध प्रस्थापित झालेला नाही, असे मत दिले.

एकाच द्रव्याविषयी एका देशाने मान्यता द्यावी आणि दुसरीकडे ती नाकारली जावी, याने वाचक गोंधळून जाणे स्वाभाविक आहे. परंतु यात विज्ञानाचा पराभव नाही. आरंभीच्या चाचण्या लहान होत्या आणि त्यांपैकी पुष्कळ त्या पेयांच्या उत्पादकांनीच केलेल्या किंवा करवून घेतलेल्या होत्या. अशा लहान चाचण्यांपैकी अनुकूल निकालाच्या चाचण्या लवकर प्रसिद्ध होतात आणि प्रतिकूल निकालाच्या मागे राहतात, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे. शिवाय आहारातील मिठाचे प्रमाण, वय, मूळचा रक्तदाब आणि आनुवंशिक घडण यांतही लोकालोकांत भेद असतो. यांपैकी कोणत्या कारणाचा वाटा किती, हे ठरवण्यासाठी मोठ्या आणि निःपक्ष चाचण्याच हव्यात. तोवर एवढेच म्हणता येते की परिणाम असलाच तर तो लहान आहे आणि सर्वांना सारखा मिळत नाही.

आपल्या आहाराच्या संदर्भात

मग आपल्या रोजच्या दह्याताकाचे काय? दही लावताना केसीनचे काही प्रमाणात तुकडे होतात, आणि त्यांत रूपांतरक एंझाइमाला अडवणारी पेप्टाइडे सापडल्याचे भारतीय प्रयोगशाळांतूनही दिसून आले आहे. परंतु घरोघरच्या विरजणातील जंतू निरनिराळे असतात. हेल्व्हेटिकस जंतूइतकी केसीन कातरण्याची शक्ती सर्वांत नसते. त्यामुळे एका वाटीतील पेप्टाइडांचे प्रमाण दुसऱ्या वाटीइतकेच असेल, याची खात्री देता येत नाही. जपानी पेयावरील चाचणीचा निष्कर्ष आपल्या दह्याला जसाच्या तसा लावणे म्हणूनच बरोबर होणार नाही. दही हे उत्तम अन्न आहे. ते औषध मात्र नव्हे.

आंबवलेल्या पदार्थांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. लोणची, खारवलेले मासे, सोयाबीनचा काळा सॉस यांत पेप्टाइडे असली तरी मीठही भरपूर असते. ताकात चमचाभर मीठ ढवळून घेतले, तर एका हाताने मिळवलेले दुसऱ्या हाताने गमावल्यासारखे होईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढाने दिवसात ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे साधारण एका लहान चमच्यापेक्षा, कमी मीठ खावे. भारतात सरासरी खप याहून बराच अधिक आहे.

अन्नाने रक्तदाब उतरतो याचा सर्वांत भक्कम पुरावा एका विशिष्ट पेप्टाइडाविषयी नसून संपूर्ण आहाराविषयी आहे. अमेरिकेत १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत फळे, भाज्या, कमी स्निग्धांशाचे दूध-दही, कडधान्ये व अखंड धान्ये यांचा आहार देण्यात आला. त्यामुळे उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा दाब सरासरी ११ मिलिमीटरने उतरला. त्याच आहारात मीठ कमी केल्यावर तो आणखी उतरतो, हे २००१ मध्ये दिसून आले. या आहारातील पोटॅशियम, कॅल्शियम, तंतू आणि प्रथिने यांचा एकत्रित परिणाम होत असावा. त्यात दुधाच्या पेप्टाइडांचाही थोडाफार वाटा असू शकेल. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र पोटॅशियमयुक्त आहार वैद्याला विचारूनच ठरवावा. रूपांतरक एंझाइमाला अडवणारी औषधे घेणाऱ्यांच्या रक्तातही पोटॅशियम वाढण्याचा संभव असतो, हे त्यांनी ध्यानात ठेवावे.

पेप्टाइडांवरील संशोधन थांबलेले नाही. २००३ मध्ये इंग्लंडमधील बाथ येथे रवी आचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूपांतरक एंझाइमाची त्रिमितीय रचना क्ष-किरणांच्या साहाय्याने निश्चित केली. त्यामुळे कोणता तुकडा खाचेत कसा बसतो, हे आता प्रत्यक्ष पाहता येते. दूध, डाळी आणि मासे यांतील कोणती प्रथिने कोणत्या जंतूने किंवा एंझाइमाने कातरावीत, म्हणजे पोटात टिकणारे व रक्तात पोचणारे पेप्टाइड पुरेशा प्रमाणात मिळेल, याचा शोध चालू आहे. ज्यांचा दाब सीमारेषेवर आहे आणि ज्यांना अद्याप गोळीची गरज नाही, अशांना उद्या त्याचा उपयोग होऊ शकेल.

परंतु ज्यांना वैद्याने गोळी लिहून दिलेली आहे, त्यांच्यासाठी आजचे उत्तर स्पष्ट आहे. जराराकाच्या विषातील तीन कड्या आणि दुधातील तीन कड्या एकच असल्या, तरी त्या कड्यांवरून शिकून माणसाने घडवलेले औषध आणि त्या कड्या असलेले अन्न ही दोन एक नव्हेत. औषधाचे प्रमाण ठरलेले असते, त्याचा परिणाम हजारो रुग्णांवर मोजलेला असतो, आणि त्याचे दोषही, उदाहरणार्थ काहींना लागणारा कोरडा खोकला किंवा गर्भवतीला असणारा धोका, माहीत झालेले असतात. दह्याची वाटी त्या गोळीच्या शेजारी ठेवण्यास काहीच हरकत नाही. गोळी उचलून तिच्या जागी वाटी ठेवणे मात्र धोक्याचे आहे, कारण वाढलेला दाब दुखत नसतो, आणि चूक कळते तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो.